तप वेगळं, हाल वेगळे

आमच्या बेळगाव भागात यात्रा ठरते ती बस्तीच्या कट्ट्यावर. पूजा आटोपून चार-पाच जण बसलेले असतात, त्यातलं कोणीतरी म्हणतं, "औंदा शिखरजी करूया की," आणि पंधरा दिवसांत छापील पत्रक घरोघरी येतं. 11 दिवस, 14 क्षेत्रं, माणशी इतके रुपये, सोबत आचारी, चहा-नाष्टा-जेवण त्यातच. वाचून मन भरून येतं. पण बायकांच्या मनात जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं त्या कागदावर कधीच नसतात. बस किती तासांनी थांबणार? थांबेल तिथे संडास आहे का? खोली कितव्या मजल्यावर? जिचे गुडघे दुखतात तिने काय करायचं? हे विचारलं की उत्तर ठरलेलं. "अहो वहिनी, तीर्थयात्रा आहे ती. थोडे कष्ट व्हायचेच."

हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. त्यावर काय बोलावं ते पूर्वी सुचायचं नाही. यात्रेत कष्ट नकोत असं म्हणणारी बाई आळशी ठरते, नाहीतर धर्माची आवड नसलेली ठरते. म्हणून आपण गप्प बसतो आणि दशम्या लाटायला घेतो. आमच्या आत्याबाईंच्या शिखरजीनंतर मात्र मी गप्प बसणं सोडलं. ती हकिकत सांगते, मग माझ्या वहीतल्या चार गोष्टी सांगते. तुमच्यापैकी कोणी यात्रेला निघणार असाल तर उपयोगी पडतील.

आत्याबाई म्हणजे ह्यांच्या आत्या. तेव्हा वय 71. जन्मात एकदा शिखरजी करायचं, एवढीच त्यांची इच्छा. आधी मुलांची शिक्षणं, मग लग्नं, मग नातवंडं, असं करत पंचवीस वर्षं गेली. शेवटी एका डिसेंबरात बावन्न माणसांच्या ग्रुपमध्ये आमची दोघींची नावं घातली. बावन्नांत बत्तीस बायका. ठरवणारे सगळे पुरुष.

शिखरजी काय आहे हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. चोविसांपैकी वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले तो डोंगर. झारखंडातला गिरिडीह जिल्हा, पायथ्याला मधुबन. चढण 9 किलोमीटर, वरच्या टोंकांची फेरी 9 किलोमीटर, उतरण 9 किलोमीटर, मिळून 27. लोक पहाटे दोन-तीनला निघतात ते दुपारपर्यंत खाली येतात. आपल्यातले बरेच जण अनवाणी चढतात आणि खाली येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घेत नाहीत. हे सगळं आत्याबाईंना ठाऊक होतं. त्याची तयारी म्हणून त्या सहा महिने रोज पहाटे किल्ल्यातल्या कमल बस्तीपर्यंत चालत जायच्या.

राजगीर, पावापुरी करून आम्ही बसने मधुबनला निघालो. पत्रकात लिहिलं होतं, "सायंकाळी 5 वाजता भोजन." बेळगावच्या हिशेबाने ते बरोबर होतं. आमच्याकडे डिसेंबरात सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो. वाटेत एका ठिकाणी बस रखडली, आम्ही पावणेपाचला पोचलो, सामान उतरवून ताटं मांडेपर्यंत सव्वापाच. बाहेर येऊन बघतो तर सूर्य गेलेला. ज्यांना रात्रीभोजनाचा नियम नव्हता ते जेवले. ज्यांना होता ते उपाशी राहिले, आणि नियम पाळणाऱ्यांत बायकाच जास्त. आत्याबाईंच्या पोटात त्या दिवशी शेवटचं अन्न गेलं होतं ते सकाळी साडेदहाला. दोन दशम्या आणि शेंगाचटणी.

डोलीची चौकशी आम्ही निघण्याआधी तीनदा केली होती. "तिथे मिळतील की," असं उत्तर मिळालं होतं. रात्री अडीचला मधुबनात डोल्या होत्या, पण त्या आधी ठरवलेल्या लोकांच्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "असू दे. पायांनीच जायचं होतं मला." आम्ही निघालो. गंधर्व नाल्याच्या थोडं पुढे त्या मटकन खाली बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी, आणि त्या थंडीतही कपाळावर घाम. दिवस उजाडेपर्यंत आम्ही दोघी एका दगडावर बसून राहिलो. पुढे गेलेल्यांच्या विजेऱ्या वळणावळणाने वर चढताना दिसत होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सूर्य आपल्या गावचा न्हवता की गं हा."

उजाडल्यावर आम्ही हळूहळू उतरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करता आला असता. पण त्याच दुपारी चारला बस पुढच्या क्षेत्राला सुटायची होती. 11 दिवसांत 14 क्षेत्रं बसवायची तर शिखरजीला दुसरा दिवस कुठून आणणार? बसमध्ये एक वडीलधारे गृहस्थ हळहळून म्हणाले, "आत्याबाईंचा योग नव्हता." मला ते फार लागलं. योग होता. पंचवीस वर्षांनी का होईना, त्या पायथ्याशी येऊन पोचल्या होत्या. नव्हतं ते चार वाजताचं ताट.

तेव्हापासून मी एक फरक धरून बसले आहे. तप वेगळं आणि हाल वेगळे. तप आपण होऊन घेतो, आपली ताकद बघून घेतो, आणि घेताना मन शांत असतं. आत्याबाईंनी अनवाणी चढायचं ठरवलं, वर पाणी न पिण्याचं ठरवलं, हे तप. संध्याकाळचं जेवण त्यांनी सोडलेलं नव्हतं, ते चुकवलं गेलं. हे हाल. एकाच्या नावाखाली दुसरं खपवलं की त्याचा जाब कोणी कोणाला विचारत नाही. आणि ते सोसणारी बहुतेक वेळा बाईच असते, म्हातारी असते, नाहीतर तान्हं मूल असलेली असते.

दोन वर्षांनी आम्ही चौदा बायकांनी आमची आम्हीच यात्रा आखली. मी दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिलं ते सूर्याचं.

आपल्या देशात घड्याळ सगळीकडे एकच, सूर्य मात्र आधी पूर्वेकडचा. रेखांश एकाने बदलला की चार मिनिटांचा फरक पडतो. बेळगाव साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर, मधुबन 86 वर. पाऊण तास इथेच गेला. त्यात मधुबन आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला, तिथला थंडीतला दिवस आणखी लहान. म्हणून डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, आपल्यापेक्षा तासभर आधी. शास्त्राप्रमाणे सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटं आधी जेवण संपवायचं तर सव्वाचारला हात धुऊन मोकळं व्हायला हवं. म्हणजे त्या गावात साडेतीनपर्यंत पोचायलाच हवं. याच्या उलट गिरनार-पालिताण्याला निघालात तर तिकडे सूर्य आपल्यापेक्षा थोडा उशिरा उगवतो, तेव्हा सकाळच्या नाष्ट्याची घाई करून चालत नाही. प्रत्येक मुक्कामाची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ आता मोबाइलवर मिळते. ती आधी लिहा, मग तिच्याभोवती प्रवास बसवा. आपल्याकडे प्रवास आधी ठरतो आणि सूर्याला त्यात कोंबलं जातं.

दुसरं पान शिध्याचं. पिठाची मर्यादा थंडीत 7 दिवस, उन्हाळ्यात 5, पावसाळ्यात 3, हे आपल्याला माहीत असतं, पण यात्रेची तारीख ठरवताना कोणी आठवत नाही. शोधाचं जेवण करणाऱ्या बायका सोबत असतील तर थंडीच बरी. आम्ही नेलं ते असं: कडक भाकरी, दशम्या, लसणाशिवायची शेंगाचटणी, मेतकूट, शेंगदाणा-गुळाचे लाडू आणि दोन पिशव्या बेळगावी चुरमुरे. पाण्याचं तर अगदी सोपं आहे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटंच, पण उकळलेलं पाणी चोवीस तास चालतं. सकाळी मुक्कामावर उकळून, निववून बाटल्या भरल्या की दुसऱ्या सकाळपर्यंत चिंता नाही. एक छोटी विजेची किटली आणि दोन गाळणी-फडकी चौदा जणींना पुरली.

आणि आचारी घ्या. पत्रकात "सोबत आचारी" असतो, तरी मुक्कामाला पोचल्यावर हाक येते, "जरा पुऱ्या लाटायला चार हात लावा गं." लाटणाऱ्या चौघी आरतीला उशिरा पोचतात आणि लाटून घेणारे वेळेवर. आमच्या वहीत पहिला नियम होता: यात्रेत चौदापैकी कोणीही स्वयंपाक करायचा नाही. पहिले दोन दिवस कितीतरी जणींना चैनच पडेना. एक तर आचाऱ्यामागे उभी राहून मीठ बघत होती. तिसऱ्या दिवशी मात्र सगळ्या शांत बसून जेवल्या. जेवण असं समोर वाढून येतं तेव्हा काय वाटतं, ते पुष्कळ जणींना पहिल्यांदाच कळलं.

रेल्वेच्या तिकिटाचं एक मर्म सांगते. 45 वर्षांवरच्या बायकांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तो एका तिकिटावर एकटी किंवा दोघीच असतील तरच. सगळ्या जवळजवळ बसाव्यात म्हणून सहा जणींचं एकच तिकीट काढलं की तो हक्क जातो. मग साठी ओलांडलेली बाई वरच्या बर्थला लोंबकळत चढते, आणि खाली कोणीतरी कॉलेजचा मुलगा झोपलेला असतो. दोघी-दोघींची तिकिटं काढा. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, ती तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.

बसने जाणार असाल तर संडासाचा प्रश्न लाजून सोडू नका. बस थांबणार नाही या भीतीने आपल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि घरी आल्यावर दवाखाना. ड्रायव्हरला पैसे ठरवतानाच सांगा, दर दोन-अडीच तासांनी थांबायचं, आणि कुठे ते आधी ठरवायचं. आम्ही हे लेखी घेतलं. तो हसला, पण थांबला.

डोलीबद्दल थोडं. शिखरजीला डोलीचा दर वजनावर असतो. म्हणजे चारचौघांत काट्यावर उभं राहायचं. आमच्यातली एक जण त्या काट्याला घाबरून डोली नको म्हणत होती. "सगळी हसतील गं." आम्ही बाकीच्या तेरा जणी आधी काट्यावर उभ्या राहिलो, गरज नसताना. मग ती आली. हसलो सगळ्याच, पण तिच्यावर नाही. डोली आदल्या दुपारीच ठरवा, दर पक्का करा, आणि उचलणारे चारही जण एकदा बघून घ्या. त्या माणसांचे खांदे बघितले की दर कमी करायची घासाघीस आपोआप तोंडातून निघत नाही. डोलीत बसणाऱ्या बाईने मनाला लावून घेऊ नये. दर्शन गुडघ्यांना होत नसतं.

आता ज्या विषयावर आपण एकमेकींशीसुद्धा कुजबुजून बोलतो, तो. पाळी. पहिल्या यात्रेत आमच्यासोबत एक नवी सून होती. मधुबनला पोचायच्या आदल्या दिवशी तिची पाळी आली. दोन दिवस ती धर्मशाळेच्या खोलीत बसून होती, आणि एक वेळचं जेवण तिच्यापर्यंत पोचवायचं सगळे विसरले. निघण्याआधी तिघींनी तिला आपल्याजवळच्या गोळ्या देऊ केल्या होत्या. असं करू नका. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सगळ्यांना मानवत नाहीत. अर्धशिशी असेल, रक्तदाब असेल, घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात टाकू नयेत, आणि विचारायचं तर निघायच्या तीन-चार आठवडे आधी. काय पाळायचं आणि किती पाळायचं हे ज्याच्या त्याच्या घरचं. पण तारखा ठरवताना तरुण मुलींना आधी विचारणं आपल्या हातात आहे. तरीही एखादीची आली, तर तिच्याजवळ एक जण थांबेल आणि तिचं ताट सगळ्यात आधी जाईल, हे आमच्या वहीत लिहिलेलं आहे.

वहीतल्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: मुख्य क्षेत्राला एक दिवस राखीव. त्या दिवशी काहीही करायचं नाही. कोणाचा ताप, कोणाची चक्कर, गाडीचा उशीर, सगळं त्या दिवसात जिरतं. त्यासाठी चार क्षेत्रं कमी करावी लागली. "एवढ्या लांब जाऊन चारच?" असं घरच्यांनी विचारलं. बस थांबली, वीस मिनिटं दर्शन, चला चला, असं चौदा ठिकाणी करण्यापेक्षा चार ठिकाणी मन लागेपर्यंत बसणं आम्हाला बरं वाटलं.

त्या खेपेला आत्याबाई आल्या नाहीत. हृदयाचं दुखणं निघालं होतं, डॉक्टरांनी चढाला साफ नाही सांगितलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. निवडून, धुऊन, वाळवलेले तांदूळ, कागदाच्या छोट्या छोट्या पुड्यांत. प्रत्येक टोंकेसाठी एक. मी ते वाहिले. पार्श्वनाथांच्या टोंकेवर शेवटची पुडी सोडली तेव्हा हात जरा थांबला. वारा होता, दाणे थोडे उडाले. परत येऊन त्यांना सगळं सांगायचं म्हणून मी मनात जुळवत होते, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवण वेळेवर मिळालं न्हवं सगळ्यांना?"

ही वही आता आमच्या गल्लीत फिरत असते. कोणी त्यात गाडीची माहिती घालतं, कोणी धर्मशाळेच्या जिन्याला कठडा आहे की नाही ते. मागच्या महिन्यात ती श्रवणबेळगोळला निघालेल्या बायकांनी नेली. त्यांच्यासाठी मी दोन ओळी जास्त लिहिल्या. एक अशी की विंध्यगिरीच्या सहाशेहून जास्त पायऱ्या आहेत, चपला खालीच काढाव्या लागतात आणि ऊन चढलं की दगड पोळतो. सकाळी लवकर चढा, सुती मोजे घाला. जिला ते झेपणार नाही तिने समोरच्या चंद्रगिरीवर जावं. तो डोंगर लहान, पायऱ्या थोड्या, आणि तिथून गोमटेश्वराचा चेहरा आणि खांदे दिसतात. दुसरी ओळ अशी की वर पोचल्यावर घाईने खाली पळू नका. मूर्तीच्या पायांशी कन्नड, तमिळ आणि मराठी लेख शेजारी शेजारी आहेत. चावुंडरायाने ही मूर्ती करवली, असं तिथे मराठीत कोरलंय, आणि मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. आम्हा बेळगावकरांना तर ते बघायलाच हवं. अंगणासमोर गुळ्ळकायज्जीची मूर्ती आहे, तिलाही भेटा. चावुंडरायाच्या घागरीच्या घागरी दुधाने जो अभिषेक पुरा होईना, तो त्या म्हातारीच्या एवढ्याशा भांड्यातल्या दुधाने झाला, अशी कथा आहे. एवढा मोठा उत्सव आखणाऱ्यांनी तिला आधी विचारलं नव्हतं, हे मात्र कथा सांगणारे फारसं सांगत नाहीत.

महामस्तकाभिषेक 2018 मध्ये झाला. बारा वर्षांच्या हिशेबाने पुढचा 2030 मध्ये येतो. तेव्हा पुन्हा पत्रकं निघतील. बायांनो, कट्ट्यावर बैठक बसेल तेव्हा तुमच्यातल्या दोघी तरी वही घेऊन तिथे जाऊन बसा. आधी सूर्यास्ताची वेळ विचारा, मग संडासाचं विचारा, मग राखीव दिवसाचं. "कष्ट व्हायचेच" असं कोणी म्हणालं तर म्हणा, "होऊ देत की. कुठले घ्यायचे ते आमचं आम्ही ठरवू."